बंबात गेलेला लॉग

हे मी आजवर कुणाच्या कानावर घातलेलं नाही. बायकोच्याही नाही. ती गेली ती मला सज्जन समजूनच गेली. तुम्ही तरी तसं समजू नका.

सत्तरच्या दशकात परभणीत शेतीसंशोधनाच्या एका संस्थेत मी नोकरीला होतो. तिथं हैदराबादहून आणलेला एक जुना, खोलीभर मोठा कॉम्प्युटर होता. त्याला थंड हवा — आम्हाला कुरकुरणारा पंखा. त्यावर कोण बसलं, माहिती साठवलेली कोणती टेप लावली, मशीन कुठं अडलं, सगळं शेजारच्या टाइपरायटरवर आपोआप उमटायचं. तो लॉग. कागदाच्या घडीवर घडी पडत जायची. लागेल ते ठेवायचं, बिनकामाचं काढून टाकायचं — हे काम माझं. काढलेले कागद कुठं जायचे? साहेबांच्या बंगल्यावर, अंघोळीचा बंब पेटवायला. साहेबांना त्यातली एक ओळ वाचता येत नव्हती. कागद झकास जळतो, एवढं मात्र कळत होतं. आणि मी? कोणता कागद राहील, कोणता जाईल हे माझ्या हातात — तेवढ्यावर स्वतःला संस्थेचा मालक समजायचो.

प्रल्हाद बोरीचा. बौद्ध घरातला, घरात तोच पहिला पदवीधर; आमच्याकडं हंगामी ऑपरेटर. बडबड्या, थोडा धांदरटही. मला 'सर' म्हणायचा, पण बरोबरीनं, हसत. माझ्या माठातलं पाणी न विचारता घ्यायचा. ते मला सलायचं. का सलायचं? — आता आडवळण कशाला — जात सलायची. चारचौघांत मी समतेवर तावातावानं बोलायचो, आणि तो पाणी पिऊन गेला की माठ विसळून घ्यायचो.

एकदा ज्वारीच्या अख्ख्या हंगामाच्या प्रयोगांची टेप वाचता येईना. साहेबांनी लगेच ठरवून टाकलं — प्रल्हादनं चुकीची टेप लावली, आहे ते पुसून टाकलं. प्रल्हाद माझ्याकडं आला.

"सर, त्या दिवशीचा लॉग काढा की. मी टेप बरोबरच लावली हाय. त्यात दिसंल."

काढला. तो गेल्यावर काढला. त्यात स्वच्छ होतं — टेप बरोबर, बिघाड मशीनचा. ते पान साहेबांपुढं नेऊन वाचून दाखवायचं, बस्स. चूक माझी नव्हती. मला कुणाचं भय नव्हतं. कुणी दडवायला सांगितलं नव्हतं. मग? — त्यानं 'काढा की' म्हटलं होतं. हात जोडले नव्हते. मी ते पान बिनकामाच्या गठ्ठ्यात घातलं आणि गठ्ठा बंगल्यावर धाडला.

एवढ्यावर थांबलो असतो तर नुसता नीच ठरलो असतो. मी त्याला म्हणालो, "ढीग पडलाय, शोध तूच. मी पण बघतो." दोन दिवस तो फरशीवर गुडघे टेकून घड्या उलगडत होता. मी खुर्चीत फुटाणे खात मधूनमधून एखादा कागद चाळल्यासारखं करत होतो.

"सर, ह्यात मह्या लग्नाचा मुहूर्त बी घावंल, पण ते पान काय घावना," म्हणाला आणि हसला. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी तो हसत नव्हता. "सर, बापाला काय सांगू?" एवढंच म्हणाला. पान जळलं होतं — माझी जीभ तर शाबूत होती ना? साहेबांनी विचारल्यावर मी ती चालवली — "लॉगमध्ये त्याच्या बाजूचं काही सापडलं नाही, सर."

त्याला काढलं.

पुढं काही वर्षांनी मानवतच्या स्टँडवर मागून हाक आली, "जय भीम, सर!" तोच. शाळेत मास्तर झाला होता, सोबत बायको होती. मला ओढतच हॉटेलात नेलं, आणि बायकोला सांगू लागला —

"हे आमचे सर. तवा समदे मलाच दोष द्यायलते. हे एकटेच मह्यासाठी दोन दिवस ढीग धुंडाळायलते."

तिनं वाकून नमस्कार केला. मी तो घेतला. चहा आला. कपाची कड ओली होती, प्रल्हादनं ती स्वतःच्या रुमालानं पुसली आणि कप माझ्यापुढं सरकवला.

मी काय केलं? चहा प्यालो. चांगला होता. आणखी अर्धा मागितला.