ड्रायव्हरमामांचा खांदा

ज्या माणसाला घरी चहा संपेपर्यंत एका जागी बसवत नाही, तो परक्या पोरांसमोर तासन्‌तास पुतळ्यासारखा बसतो, हे मामींच्या पोटात दुखण्याचं पहिलं कारण होतं.

मामा कॉलेजची बस चालवायचे. निवृत्त झाले तशी चित्रकलेच्या सरांनी गळ घातली, की आमच्या मुलांसमोर मॉडेल म्हणून बसा. स्टिअरिंगवर तुम्ही बसायचात तसा बसणारा माणूस शोधून सापडायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. मामा बसले. स्टुडिओत लाकडी चौथरा, त्यावर स्टूल, स्टुलावर उघड्या अंगाने मामा आणि भोवती ईझल लावून त्यांची मान, पाठ, बरगड्या कोळशाने कागदावर उतरवणारी मुलं. मधल्या सुट्टीनंतर पाय पुन्हा त्याच जागी पडावेत म्हणून पावलांभोवती खडूने रेघ मारलेली असायची. घरात ह्याच पावलांनी चपला कुठे सोडल्या ते रोज शोधावं लागे, पण ते तिथे कोण सांगणार?

दुपारी त्याच इमारतीच्या तळमजल्यावर दुसरा वर्ग. खेळाडूंच्या दुखापती ओळखायच्या कशा, बांधायच्या कशा, हे तिथे शिकवत. मुलं एकमेकांच्या घोट्यांना पट्ट्या बांधून सराव करायची, पण वीस वर्षांच्या सांध्यात शिकण्यासारखं असतं काय? तिथल्या ट्रेनरसरांना एखादं वापरलेलं शरीर हवं होतं. मामांचं चांगलंच वापरलेलं होतं. एका कामाची दोन झाली आणि म्हातारा शीळ घालत घरी यायला लागला.

मामी घरी शिलाईकाम करायच्या. पडदे, गाद्यांच्या खोळी, गणवेश. खिडकीशी मशीन, आणि मशीनची घरघर चालू असतानाच मामा दिवसभराच्या गोष्टी सांगत. त्या गोष्टींत एक वेणीवाली फार वेळा यायची. ती तळमजल्याची विद्यार्थिनी, पण शरीर नीट कळावं म्हणून तिने चित्रकलेचाही विषय घेतला होता. म्हणजे सकाळी हिने मामांचा खांदा काढायचा आणि दुपारी तोच दाबून बघायचा. पोर नातीच्या वयाची होती. मामींना हे कळत नव्हतं असं नाही. पण मत्सर काही कुणाला वय विचारून येत नाही.

वर्षअखेरीला मुलांची चित्रं कॉलेजच्या लांब बोळात लावली, तेव्हा मामी ठेवणीतलं पातळ नेसून बघायला गेल्या. भिंतीभर नवराच नवरा. एका चित्रात मामांची पाठ होती आणि त्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली, एक तीळ. तो तीळ जगात फक्त आपल्याला ठाऊक आहे अशी मामींची समजूत होती. मामांना स्वतःलाही तो कधी दिसलेला नव्हता. आता तो शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक झाला. चित्राखाली वेणीवालीचं नाव होतं. मामींच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि घरी येऊन त्यांनी दोन पडदे उलटे शिवले.

तरी हे सगळं त्यांनी गिळलं असतं. गिळता आलं नाही ते पुढचं.

ट्रेनरसरांना उपचाराच्या टेबलांसाठी नव्या खोळी हव्या होत्या. मामा म्हणाले, घरातच कारागीर आहे. तेव्हा मामी टेप घेऊन माप काढायला तळमजल्यावर गेल्या. उंच टेबलं, बर्फाचं यंत्र, मलमाचा वास, कोपऱ्यात सांगाडा आणि त्याच्या डोक्यावर कुणीतरी चढवलेली टोपी. शेवटच्या टेबलाला पडदा लावलेला होता. त्याच्या पलीकडून वेणीवालीचा आवाज आला.

"कुठं दुखतंय, मामा?"

"उजवा खांदा. वर्ष होत आलं."

"घरी सांगितलंत का?"

"नाही. घरी नाही सांगितलं."

मामी टेप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. चाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाला काय होतंय असं कितीदा विचारलं, आणि दर वेळी एकच उत्तर मिळालं होतं: काही नाही. ताप अंगात असतानाही काही नाही. आणि इथे कालची पोर एकदा विचारते आणि हा घडाघडा बोलतो. शेवटच्या टेबलाचं माप न घेताच त्या घरी गेल्या. पाठीवरच्या तिळाचं एक वेळ सोडा, तो दिसतो, कुणीही बघेल. पण दुखणं सांगावं लागतं, आणि कुणाला सांगायचं ते माणूस निवडतो. मामांनी निवडलं होतं, आणि त्यात मामी नव्हत्या.

त्या संध्याकाळी त्यांनी गरम पाण्याची पिशवी भरली आणि एक शब्द न बोलता मामांच्या उजव्या खांद्यावर ठेवली. मामा चकित झाले, पण बायको लाड करते आहे तर कारण कशाला विचारा, म्हणून डोळे मिटून बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मामींनी मुद्दाम माळ्यावरची पेटी खाली काढायला सांगितली. मामांनी ती उजव्या हाताने अलगद उतरवली. बघा, मामींच्या मनात आलं, आपल्यापासून लपवायला किती सोसतोय. त्यांनी शेवटचं विचारून पाहिलं, "काही सांगायचं आहे का मला?"

"काही नाही गं," मामा म्हणाले.

मग मात्र मामींनी ठणकावून सांगितलं, की हे काम सोडा. दोन्ही कामं. कारण सांगितलं नाही. मुलांची परीक्षा माझ्यावर आहे, तेवढी होऊ दे, मग सोडतो, असं मामा म्हणाले. त्यानंतर त्यांची शीळ ऐकू आली नाही. मामींना वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय ह्याचा रागही आला.

परीक्षेच्या दिवशी मामी शिवलेल्या खोळींचा गठ्ठा घेऊन गेल्या. परीक्षा नुकती संपली होती. मामा टेबलावर पाय खाली सोडून बसले होते, भोवती मुलं, आणि वेणीवाली त्यांना सदरा घालायला मदत करत होती. मदत. जसा काही ह्या माणसाने जन्मात कधी सदरा घातलाच नव्हता.

ट्रेनरसरांनी गठ्ठा घेतला, पण त्यांचं लक्ष खोळींकडे नव्हतं. मामा काम सोडतायत असं ऐकलं, मामी, तुम्ही समजवा त्यांना, असं ते काकुळतीला येऊन म्हणाले. ह्या खोलीत असा माणूस झाला नाही. आम्ही त्यांना रोजचं दुखणं नेमून देतो. खरं काही नसतं, मुलांनी विचारून आणि चाचपून ओळखायचं. दुसरा कुणी असता तर नुसता कण्हला असता. ह्यांचं दुखणं खरं वाटतं.

मामींना क्षणभर कळेना. "म्हणजे खांदा दुखत नाही?"

"त्यांचा? छे. घोड्यासारखा आहे. पण त्यांना खांद्याचीच हौस. मी गुडघा सांगितला तरी म्हणतात, सर, आज खांदाच राहू द्या."

मुलं हसली. वेणीवाली म्हणाली, "आणि मामी, सांगतात किती बारीकसारीक. वरच्या फळीवरचं काढताना डावा हात पुढं करतात, आणि कुणी बघत नाही ना ते बघून घेतात. त्या कुशीवर झोपत नाहीत. परवा तर म्हणाले, केस विंचरताना हात वर जात नाही, मानच हाताकडं न्यावी लागते." तिला हसू आवरेना. "डोक्यावर एक केस नाही ह्यांच्या!"

सगळी खोली हसली. मामी हसल्या नाहीत. आज सकाळी आरशासमोर त्यांनी मान वाकडी करूनच अंबाडा घातला होता. तेव्हा मामा मागे खाटेवर वर्तमानपत्र वाचत होते, निदान तसं दिसत तरी होतं.

खोलीतला हशा आपोआप थांबला. मामा सदऱ्याच्या गुंड्या लावत राहिले. लावून झालेली गुंडी त्यांनी पुन्हा काढून लावली.

"इतकं बघितलंत," मामी म्हणाल्या, "आणि मला सोडून गावाला सांगितलंत?"

"तुला विचारलं होतं मी. दोनदा."

"मग?"

"तू म्हणालीस, काही नाही." मामांनी वर पाहिलं. "मग काय करणार? वर चित्रकलेचे सर रोज ओरडतात, माहीत आहे ते काढू नका, दिसतं ते काढा. मला काय काम, कान मोकळेच. घरी येऊन बघायला लागलो. आणि खाली आणून ह्यांना दाखवलं. म्हटलं, ह्यांना कळलं तर उपाय कळेल."

मामींना काय वाटलं ते एका शब्दात सांगणं कठीण आहे. आनंद झाला, लाज वाटली, आणि सगळ्यात वर, इतकं ऐकूनही, जळजळलं. आपला खांदा इतके दिवस ह्या पोरीच्या हाताखाली होता, आपल्याला न विचारता.

ट्रेनरसर भानावर आले. खांदा आखडलाय, दुखतो म्हणून हलवला नाही की असाच होतो, रोज थोडा थोडा हलवून सुटेल, असं त्यांनी समजावलं आणि वेणीवालीला खूण केली. वेणीवाली पुढे झाली. फार मऊ आवाजात तिने विचारलं, "मामी, कुठं दुखतं? दाखवाल मला?"

"काही नाही," मामींच्या तोंडून सवयीने निघून गेलं. त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

मामींनी वेणीवालीचा पुढे आलेला हात हळूच बाजूला सारला. नवऱ्याचं मनगट धरलं, त्याचा हात आपल्या उजव्या खांद्यावर नेऊन ठेवला, आणि जिथे रुततं तिथे त्याचं बोट दाबलं.

"इथं," त्या म्हणाल्या. "आणि हिला काय शिकायचं ते लांबून शिकू दे."