मॅग्नेटोवरचा नंबर

गाडी मी अठ्ठेचाळीस साली ठाण्यात घेतली. तिचा मालक, एक गोरा इंजिनिअर, विलायतेला परत चालला होता. गाडी तेव्हाच वीस वर्षांची होती. कापडी टप, चार जणांची जागा, आणि सुरू करायला पुढून हँडल मारावे लागे. मी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो आणि डोंबिवलीत राहत होतो. अशा माणसाला गाडी कशाला, हा प्रश्न नातेवाइकांनी विचारला.

रविवारी सकाळी बायकोला शेजारी बसवून शीळफाट्यापर्यंत जायचे, वेळ असला तर मुंब्र्यावरून कळव्यापर्यंत. वेग ताशी पंचवीस मैलांच्या वर नेत नसे. स्टिअरिंगवर ठिणगीची वेळ मागेपुढे करणारी एक बारीक दांडी होती. चढ लागला की ती बोटाने हळूहळू सरकवायची आणि इंजिनाचा खडखडाट थांबला की तिथेच सोडायची. हे अचूक जमले की बायकोही मान डोलवी. तिला आवाज कळू लागला होता.

हे मला कल्याणच्या एका मिस्त्रींनी शिकवले. ते कोकणातले. लढाईच्या काळात लष्कराच्या गाड्यांवर त्यांनी काम केले होते. हँडल मारताना अंगठा दांड्याभोवती का वळवायचा नाही, इथपासून त्यांनी धडे दिले. गाडी त्यांच्याकडे सोडताना काय करणार, असे मी सहा वर्षांत कधी विचारले नाही.

डोंबिवलीत अगदी तशीच दुसरी गाडी आमच्या डॉक्टरांकडे होती. रंगही तोच. लोक माझी गाडी थांबवून घरी पेशंट असल्याचे सांगत. डॉक्टरांना हे कळले तेव्हा ते आमच्याकडे चहा घेत होते. म्हणाले, "जात जा की एखाद्या वेळी. जीभ बघायची आणि मान हलवायची."

चौपन्न सालच्या उन्हाळ्यात गाडी मिस्त्रींकडून दुरुस्त होऊन आली आणि बिघडली. पूर्वी अर्ध्या फेऱ्यात सुरू होई, आता दहा-बारा वेळा हँडल मारावे लागे. चढावर ती धापा टाकू लागली. मिस्त्री म्हणाले, वय झाले. मी मानले.

त्या वर्षी दसऱ्याची पूजा त्यांच्या गॅरेजमध्ये करायची असे मी ठरवले. ज्यांनी गाडी शिकवली त्यांच्या दारात ती पुजावी, एवढाच हेतू. त्यांना कळवले नव्हते. बायकोने ताटात त्यांच्यासाठी सदऱ्याचे कापड ठेवले.

मी पोचलो तेव्हा ते पाटावर नटबोल्टचे पाने आणि हातोड्या मांडत होते. डॉक्टरांची गाडी धुऊन उभी होती. मला पाहून मिस्त्री गडबडले. मला वाटले, संकोचले असतील. घरी मी कुंकू बॉनेटवर लावत असे. मिस्त्रींची रीत वेगळी होती. बॉनेट उघडून, ज्याच्यामुळे गाडी चालते त्या भागाला कुंकू लावायचे. म्हणून मी मॅग्नेटोवरचा पत्रा फडक्याने पुसायला घेतला.

"राहू द्या साहेब, मी लावतो," ते म्हणाले.

मॅग्नेटो इंजिनाला ठिणगी देतो. तो बनवणारी कंपनी बंद पडली होती, नवा मिळत नव्हता. गाडी घेतली तेव्हा मी त्याचा नंबर सवयीने टिपून ठेवला होता आणि तो मला पाठ होता. पत्र्यावर तो नंबर नव्हता. मी डॉक्टरांच्या गाडीकडे गेलो, बॉनेट उघडले, पत्रा पुसला. माझा नंबर तिथे होता.

मिस्त्रींनी नाकारले नाही. त्यांनी सांगितले ते असे. डॉक्टरांचा मॅग्नेटो उन्हाळ्यात बंद पडला. खेड्यांत बाळंतपणे अडली होती. माझी गाडी तेव्हा मिस्त्रींकडेच होती; तिचा मॅग्नेटो काढून त्यांनी डॉक्टरांच्या गाडीला लावला. डॉक्टरांचा जुना त्यांनी कसाबसा चालता केला आणि माझ्या गाडीला बसवला.

"मला एकदा विचारायचं तरी होतं," मी म्हणालो.

"तुम्ही नाही म्हणाला असता."

"हो म्हणालो असतो."

"साहेब, तुम्ही हँडलसुद्धा दुसऱ्याला मारू देत नाही."

मी डॉक्टरांच्या गाडीचे बॉनेट बंद केले. मग विचारले, "डॉक्टरांना माहीत आहे?"

त्यांनी हातातला पाना पाटावर ठेवला. "त्यांनीच सांगितलं होतं."

चौपन्नच्या उन्हाळ्यापासून दसऱ्यापर्यंत डॉक्टर आमच्या घरी निदान चार वेळा आले होते. एकदा त्यांनी गाडीचीही चौकशी केली होती. मी हँडलची तक्रार सांगितली तेव्हा ते म्हणाले होते, वजन कमी करा, दम लागणार नाही.

मी मिस्त्रींना मॅग्नेटो परत बसवायला सांगितले. तासाभरात त्यांनी बसवला. पूजा त्यांनी केली नाही, मीही केली नाही. अर्ध्या फेऱ्यात इंजिन सुरू झाले. ताट तसेच घरी आणले.

पुढच्या रविवारी आम्ही शीळफाट्याला गेलो. गाडी पहिल्यासारखी चालत होती. बायकोने विचारले, दांडी का सरकवत नाही. मी आवाज ऐकत होतो. कार्ब्युरेटर कुणाचा, डायनॅमो कुणाचा, हे मला सांगता येत नव्हते; त्यांचे नंबर मी कधी टिपलेच नव्हते.

जुन्या मॅग्नेटोवर गाडीचा भरवसा नव्हता, म्हणून डॉक्टर काही महिने टांग्याने फिरत. रस्त्यात दिसले की हात वर करत. मीही करत असे. घरी ते पुन्हा आले नाहीत, आम्ही बोलावले नाही. वर्षभराने मी गाडी पनवेलच्या एका माणसाला दिली. त्याला ती पाणी उपसायच्या पंपासाठी हवी होती, फक्त इंजिन.