उशीपुरती जागा

बादलीतले निम्मे कपडे दोरीवर गेले होते आणि निम्मे अजून पिळून तसेच पडलेले होते, तेवढ्यात चिमटे संपले म्हणून थोरली घरात आली आणि दारातच थबकली. पलंगाशेजारी उघडी ठेवलेली तिची बॅग बंद होती. नुसती बंद नव्हे, जेवून तट्ट झालेल्या माणसासारखी फुगली होती. तिने एका हाताने ओढून पाहिली. बॅग जागची हलेना.

तिने चेन उघडली. वर गोधडी, घडी घालून दाबून बसवलेली. तिच्याखाली धाकट्या बहिणीच्या मुलांचे स्वेटर. स्वेटरांच्या खाली वर्तमानपत्रात गुंडाळलेली लोखंडी कढई, घरातली सगळ्यात जड. थोरलीचे चार गाऊन खुर्चीच्या पाठीवर लटकत होते. आणि तिची लहान उशी आईच्या पाठीशी होती. आई भिंतीला टेकून शेंगा सोलत बसली होती.

"माझी बॅग कुणी उचकली?"

"उचकली काय म्हणतेस? नीट लावून दिली मी. तू एकेका गाऊनला एकेक कप्पा देऊन बसली होतीस."

"आणि उशी?"

"विमानातून उशी कोण नेतं गं? लोक हसतील. तिथे काय उशा मिळत नाहीत?"

"तिथे कढया मिळत नाहीत?"

आईने एक शेंग फोडली, दाणे ताटात टाकले. "धाकटीला घरची कढई लागते. आजारी माणसाची तेवढी तरी हौस पुरवावी."

थोरली मटकन पलंगावर बसली. राग तिला तसा पटकन यायचा, पण बाहेर पडायला वेळ घ्यायचा. ती पडद्यांच्या दुकानात शिवणकाम करायची. गावातल्या निम्म्या खिडक्यांना तिच्या हातचे पडदे. दिवसभर यंत्रावर मान घालून बसायचं, गिऱ्हाईक काही बोललं तर दातात दोरा धरून ऐकायचं. तोंडात दोरा असला की उलट बोलता येत नाही, आणि दोरा तुटेपर्यंत गिऱ्हाईक निघून गेलेलं असतं. घरातही तिचं तसंच झालं होतं. तीस वर्षं तिच्या तोंडात दोराच होता.

लहानपणापासून घरात तिला एकच विशेषण लागलं होतं, धडधाकट. पाण्याची कळशी तिने उचलायची, कारण ती धडधाकट. दुधावरची साय धाकटीला, कारण धाकटीला सारखा खोकला. एकीच्याच शिक्षणाचं जमतंय म्हटल्यावर धाकटी शिकली, थोरली यंत्रावर बसली. धडधाकट माणसाला काय, कुठेही बसवावं. धाकटी शिकली, परदेशी गेली, तिथेच लग्न करून राहिली. वडील गेले तेव्हा तिला यायला जमलं नाही. मधल्या भावाने फोन उंच धरला होता आणि ती त्या फोनमधून रडली होती. खांदा द्यायला माणसं कमी पडली तेव्हा थोरली पुढे झाली. तेव्हाही कुणीतरी म्हणालंच, ती धडधाकट आहे, पेलेल तिला.

मग धाकटीच्या दोन्ही किडन्या बसल्या. मधल्याला रक्तदाब, तो पहिल्याच तपासणीत बाद झाला. थोरलीचा अहवाल आला तेव्हा मधला धावतच घरात शिरला होता. "ताईचं जुळलं," म्हणून सांगत सुटला. थोरलीने शिवण खाली ठेवली आणि म्हणाली, "जन्मात एकदा काही जुळलं म्हणायचं. लग्न काही जुळलं नाही." सगळे हसले. हसण्याच्या भरात तिला विचारायचं राहून गेलं. देणार का, असं कुणी म्हणालंच नाही. दुसऱ्या दिवशी तिकिटाची बोलणी सुरू झाली.

ती रोज सकाळी आंघोळ करून देवापुढे उभी राहायची. त्या दिवसापासून उभी राहायची ती भांडायलाच. तुला तरी मला विचारावंसं वाटलं का, एवढंच म्हणायची आणि दिवा लावून कामाला जायची. देव ऐकून घेतो. उलट बोलत नाही, हे त्याचं बरं आहे.

आणि आता ही उशी. त्या परदेशी इस्पितळातली, मूळची इकडचीच नर्स फोनवर आपल्या भाषेत नीट समजावून बोलली होती. पोटाला टाके असतील, कमरेला घट्ट काही नको, पुढून उघडणारे कपडे आणा. एक लहान, घट्ट भरलेली उशी आणा. खोकला आला, शिंक आली, हसू आलं की ती पोटाशी दाबून धरायची. गाडीत बसताना पट्ट्याखाली धरायची. थोरलीने दुकानातल्या उरलेल्या कापडाचे गाऊन शिवले होते, पुढे बटणं लावून. उशी स्वतः भरली होती, दाबदाबून.

"ती उशी दे," ती आईला म्हणाली.

"देते. पाठ टेकू दे जरा."

"आत्ता दे."

आईने वर पाहिलं. "एवढं काय पेटलंय तुला सकाळी सकाळी? देवाने दोन-दोन दिल्यात त्या कशाला? एकमेकांच्या उपयोगी पडायलाच ना?"

"डोळेही दोनच दिलेत. तुझा एक देतेस का शेजारणीला?"

आईचा हात ताटातच राहिला. इतक्यात वरच्या मजल्यावरून मधला खाली आला. हातात बॅग लटकवून वजन करायचा काटा. मागे भावजय, तिच्या हातात एक गठ्ठा.

"ताई, एवढं बसवा कुठेतरी," भावजय म्हणाली. "त्यांच्या पोरांसाठी चार कपडे आहेत. कापसासारखे हलके."

मधल्याने बॅग काट्याला अडकवली, उचलली आणि तोंड वाकडं केलं. "जास्त भरतंय. ताई, तुझे गाऊन कशाला चार? दोन पुरेत. आळीपाळीने धुवायचे."

"कोण धुणार?"

"म्हणजे?"

"पोट फाडलेलं असताना कोण धुणार? तू येतोस धुवायला?"

मधला हसण्यावारी नेऊ लागला. "तू काय, तू दुसऱ्या दिवशी उठून झाडलोट करशील. तू धडधाकट..."

त्याचं वाक्य पुरं झालं नाही. थोरलीने बॅग त्याच्या हातातून घेतली आणि जमिनीवर उलटी केली. कढई फरशीवर आपटली. शेजारच्या घरातली मुलगी खिडकीत आली.

"हा शब्द या घरात पुन्हा कुणी उच्चारला तर मी जाणार नाही," थोरली म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "धमकी देत नाही, सांगते आहे. गेली कित्येक वर्षं मी तुमची हमाल आहे. आता तर सामानही मीच. आतली किडनी तिची, वरची कढई तिची, बाजूचे स्वेटर तिच्या पोरांचे. माझं काय जातंय त्या विमानात?"

मधल्याने घाबरून तेच केलं जे तो नेहमी करायचा, धाकटीला फोन लावला. "बघ बाई, ताई बिथरलीये. तूच समजाव," म्हणाला आणि फोन थोरलीच्या हातात कोंबला.

"ताई," पलीकडून धाकटीचा आवाज आला. बारीक, दमलेला. "काय झालं?"

"तुझी कढई पडली."

"कसली कढई? मी कढई मागितली नाही."

"आई म्हणते तुला हौस."

"मला मीठ चालत नाही, तेल चालत नाही, पाणीसुद्धा मोजून पिते मी. कढईत काय तळू?" धाकटी थांबली, श्वास घेतला. "मी कुणाकडेच काही मागितलं नाही, ताई."

"तेच म्हणते आहे. तू मागितलंच नाहीस. दादाने सांगितलं, आईने ठरवलं, तुझ्या नवऱ्याने तिकीट पाठवलं. तुझ्या तोंडून एक अक्षर नाही."

फोन कट झाला असं वाटून थोरलीने तो कानापासून दूर धरून पाहिला.

"कुठल्या तोंडाने मागू?" धाकटी म्हणाली. "बाबांच्या वेळी आले नाही मी. साय मी खाल्ली, शाळा मी खाल्ली. आता म्हणू, किडनीही दे? तू आपणहून नाही म्हणशील म्हणून रोज वाट बघत होते. म्हणजे सुटले असते."

"मरून सुटली असतीस."

"हो."

थोरलीने डोळे मिटले. खोलीत आई, मधला, भावजय तिघेही तिच्या तोंडाकडे बघत होते.

"ताई, देशील का?" धाकटीने विचारलं.

"मी एवढी तणतणत असताना विचारतेस?"

"तू तणतणत नसतेस तेव्हा कळत कुठे, तू घरात आहेस ते?"

हे थोरलीला लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं. ती पलंगाच्या कडेला टेकली.

"देईन," ती म्हणाली. "पण राग काढून ठेवून येणार नाही, तोही घेऊन येणार. बाबांच्या वेळचं मी विसरलेले नाही. तिथे आले की एकेक सगळं बोलणार आहे. तू पडलेली असशील, पळून जाता येणार नाही तुला."

"तूही पडलेलीच असशील."

"असेन. उशी पोटाला धरून बोलेन."

पलीकडे धाकटी हसली की रडली ते नीट कळलं नाही. "थंडी आहे इथे," ती म्हणाली. "कानटोपी आण. आणि ताई, पोरांचे कपडे नकोत. त्यांना होत नाहीत आता."

फोन ठेवून थोरलीने बॅग पुन्हा भरायला घेतली. तळाशी गाऊन, चारही. भावजयीने काही न बोलता आपला गठ्ठा काखोटीला मारला आणि वर गेली. मधला कढई उचलून स्वयंपाकघरात ठेवून आला, काटाही त्याने खिशात घातला. आईने पाठीमागची उशी काढली, झटकली, लेकीपुढे धरली.

"गोधडी तरी ने," आई म्हणाली. "मी हाताने शिवलीये."

"नेते. मी पांघरणार आहे ती."

"अगं पण ती तर धाकटीसाठी..." आईने पुढचं गिळलं. मग खाली बघून म्हणाली, "पांघर."

थोरलीने गोधडी उशीच्या भोवती बसवली आणि चेन लावली. बॅग एका हाताने उचलली गेली. तिचा राग उतरला नव्हता. आईशी ती संध्याकाळपर्यंत बोलणार नव्हती हे आईलाही माहीत होतं. थोरलीने बाजाराची पिशवी खांद्याला लावली. टाके असताना खाली वाकायचं नाही, पाय नुसता सरकवला की आत जाईल असंच पायताण हवं, असं नर्सने बजावलं होतं. चौकातलं चपलांचं दुकान दुपारी बंद व्हायचं. ती बिननाडीचे मऊ बूट आणायला निघाली.