साधं काळं स्टीअरिंग

मीनाचा फोन आला तेव्हा मी दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलो होतो. "मधू, श्रीकांत गेला रे," एवढंच ती म्हणाली. न्यूमोनियाने तो हॉस्पिटलमध्ये होता, आदल्या दिवशी मी त्याला भेटून आलो होतो, तरी वेड्यासारखं विचारलं, "कुठे गेला?" ... त्याला आता काही आठवडे झाले. ओहायोतल्या डब्लिन गावातल्या त्या नवराबायकोच्या घरावरून जाताना माझा पाय अजून आपोआप ब्रेकवर जातो.

तो नागपूरचा, ताडमाड उंच; मी पुण्याचा, त्याच्या खांद्याइतका. ओहायोत एकाच कंपनीत लागलो आणि तिथूनच रिटायर झालो. मी बागकामाला लागलो. त्याने किट कार मागवली. सांगाडा, पत्रे, नटबोल्ट सगळं खोक्यांतून येतं आणि गाडी आपण जोडायची. दोनच सीट, वर टप नाही. मीनाला ती पहिल्या दिवसापासून आवडली नाही. काम निम्म्यावर आलं आणि श्रीकांतच्या हातांना कंप सुटला. पार्किन्सन्स. त्याने काम थांबवलं नाही. एक बोल्ट बसवायला अख्खी दुपार जायची, पण बसवायचा. ही गाडी चालवणार कोण, हा प्रश्न मात्र त्या घरात कोणी तोंडातून काढत नव्हतं.

रस्त्यावर आणण्याआधी गाडीची सरकारी तपासणी व्हायची होती, आणि स्टीअरिंग व्हील तेवढं ठरायचं राहिलं होतं. एका रविवारी त्याने मला बोलावून घेतलं. गराजमधल्या टेबलावर तीन स्टीअरिंग मांडलेली. एक लाकडी कडेचं, मधासारख्या रंगाचं, इतकं देखणं की हात लावावासा वाटे. दुसरं चामड्याचं, छोटं. तिसरं साधं, काळं, जाड गादीचं, एखाद्या जुन्या टॅक्सीतून काढल्यासारखं. आम्ही एकेक लावून पाहिलं. लाकडी लावलं की स्पीडोमीटर निम्मा झाकला जाई. चामड्याच्याला मधोमध धारदार कडा होत्या आणि हॉर्नचं बटण दाबायला फार जोर लागे. "हे दोन्ही तपासणीत अडकतील बे," तो म्हणाला. लाकडी चाकावरून मात्र त्याचा अंगठा बराच वेळ फिरत राहिला. मग त्याने काळं बसवलं आणि आत हाक मारली, "मीना, जरा ये इकडे. हे धर."

"पोळ्या करतेय मी!" म्हणत ती आली, सीटवर टेकली, चाक दोन्ही हातांनी धरलं, "झालं?" म्हणाली आणि निघून गेली. काळ्या कडेवर पिठाची बोटं उमटली होती. श्रीकांत ती पाहत राहिला. "हेच," म्हणाला. मला वाटलं, तपासणीपुरतं बोलतोय.

भाड्याच्या ट्रेलरवर चढवून, माझ्या गाडीमागे बांधून आम्ही ती तपासणीला नेली. मीनाही आली. दिवे झाले, ब्रेक झाले. मग अधिकाऱ्याने श्रीकांतला आत बसून स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवायला आणि हॉर्न द्यायला सांगितलं. श्रीकांतचे हात उचलले गेले, पण चाकावर ठरेनात. एकदा घसरले, पुन्हा घसरले ... अधिकारी सभ्य माणूस, तो हातातल्या कागदांकडे बघू लागला. तेवढ्यात मीना पुढे झाली. "आय विल डू इट," म्हणाली. श्रीकांत धडपडत उतरला. तिने चाक इकडून तिकडे सहज फिरवलं, हॉर्न दिला. गाडी पास झाली.

परतताना घर जवळ आल्यावर मागच्या सीटवरून मीना म्हणाली, "सीट माझे पाय पोचतील अशी. चाक माझ्या हाताच्या मापाचं. श्रीकांत, हे तू माझ्यासाठी केलंस, की माझ्यावर टाकलंस?"

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. उत्तर दिलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. पुढच्या थंडीत तो गेला.

मागच्या आठवड्यात मीनाने बोलावलं. "विकायची म्हणतेय. पण न चालवता कशी विकू? तू बस शेजारी." तिने गाडी बाहेर काढली. आधी बंद पडली, मग धक्के खात निघाली. मी शेजारी अवघडून बसलो होतो. पाय पसरले तरी टेकेनात. सीट पार मागे बोल्टने कायमची बसवलेली, आणि उजव्या हाताशी एक दांडा, त्यावर सुती पट्टी घट्ट, नीट गुंडाळलेली. धरलेला हात घसरू नये अशी.

"काय झालं? अस्वस्थ का?"

"पाय पोचत नाहीत गं. ही सीट त्याच्या मापाची आहे. दांडासुद्धा."

मीनाने गाडी कडेला घेतली. वाकून तो दांडा पाहिला, त्यावरच्या पट्टीचं टोक चिमटीत धरून पुन्हा दाबून बसवलं.

"मग बोलायचं ना तसं, मूर्खा," ती म्हणाली. माझ्याशी नाही. त्या सीटशी.