सरांचे गुलाबी कान

माझ्या सरांना ऐकू येत नव्हतं. गोंडपिपरीच्या कोर्टात हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त सरांना वाटे की कोणालाच माहीत नाही.

सर म्हणजे माझे सीनियर. वकिलीची सनद मिळाली तेव्हापासून मी त्यांच्या मागे फाईल धरून उभी राहते. वय सत्तरीच्या पुढे, आणि आवाज असा की ते बार रूममध्ये बोलू लागले की बाहेरचा झेरॉक्सवाला मशीन थांबवतो. त्यांचा आवाज सगळीकडे पोचायचा, पण दोन वर्षं झाली, दुसऱ्याचा त्यांच्यापर्यंत पोचेना. न्यायाधीश काही विचारायचे आणि सर आपला पुढचा मुद्दा मांडायचे. मग मी मागून कोट ओढायची. एकदा ओढला की थांबा, दोनदा ओढला की प्रश्न आलाय. 'कानाचं यंत्र घेऊ या' असं मी एकदाच म्हणून पाहिलं, तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांच्या या अडचणीचा मी फायदाही उठवला, हे कबूल करते. सरांना टोकायची भारी हौस. भर कोर्टात, मागे न बघता, "फाईल सरळ धर" म्हणायचे. पूर्वी मी निमूट ऐकून घ्यायची. दोन वर्षांत मात्र जीभ सैल सुटली. फाईल सरळ धर म्हटलं की मी मागून तोंडातल्या तोंडात म्हणायची, "तुमचीच मान वाकडी हाये." त्यांना पत्ता नाही. एवढं बरं वाटायचं की काय सांगू!

मग एका पेशीला, सुनावणी चालू असताना, न्यायाधीशांनी एकच प्रश्न तीनदा विचारला. मी कोट ओढून ओढून शिवण उसवली, तरी सर बोलतच होते. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं आणि पाठोपाठ चार जण हसले. सरांना हसू ऐकू आलं नसेल, पण वळले तेव्हा चेहरे दिसले. त्यांनी युक्तिवाद तिथेच थांबवला.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले तेव्हा सर म्हणाले, "रविवारी येऊन पुस्तकायचं कपाट घेऊन जाय. मी आता कोर्टात येत नाई."

"काऊन सर?"

मी मोठ्यानं विचारलं, तर सरांनी पेपर उघडून तोंडापुढे धरला. काकूंनी चहा आणला आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. एवढा शहाणा माणूस, आणि कान मेले म्हणून सगळं सोडून बसणार! मला काही सुचेना.

सुचलं ते शनिवारी सकाळी. नवे कायदे आल्यापासून आमच्या दोन जिल्ह्यांतल्या वकिलांसाठी शनिवारी दुपारी ऑनलाइन परिसंवाद होतात, आणि त्यांची मॉडरेटर मी. फार हुशार म्हणून नव्हे. दुसऱ्याला म्यूट कसं करायचं हे पहिल्या दिवशी फक्त मला माहीत होतं, एवढ्यावर ही गादी मिळाली. नियम तीन. कॅमेरा चालू, अंगात कोट आणि गळ्यात बँड, आणि प्रश्नाला एक मिनिट. मिनिट झालं की मी स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवते.

मी सरांकडे गेले आणि त्यांच्या कानाशी मोठ्यानं धडधडीत खोटं बोलले. "आजचं सक्तीचं आहे सर. हजेरी लागते."

"मले त्या मशीनवर काई समजत नाई," सर म्हणाले. समजत नाही म्हणाले. ऐकू येत नाही असं त्यांच्या तोंडून कधीच निघायचं नाही. पण सक्ती म्हटल्यावर कोट चढवला. मी त्यांच्यापुढे माझा जुना लॅपटॉप उघडला, आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि हेडफोन शोधू लागले. घरात एकच निघाला. नागपूरला शिकणारी नात दिवाळीत विसरून गेली होती. गुलाबी, केसाळ, आणि वर मांजराचे दोन कान. मी तो सरांच्या पांढऱ्या केसांवर बसवला.

"कसा दिसून राह्यलो?"

"छान दिसता सर," म्हटलं आणि हसू फुटायच्या आत चार घरं पलीकडच्या माझ्या घरी पळाले.

दुपारी स्क्रीनवर एकेकाच्या खिडक्या उघडू लागल्या. बल्लारपूरचे एक जण स्टेशनच्या बाकावर बसले होते आणि त्यांच्या मागून गाडीची घोषणा चालू होती. सिरोंच्याच्या वकीलबाईंच्या मागे त्यांची आई कोणालातरी तेलुगूत झापत होती. अहेरीचे वकील नेटवर्कसाठी गच्चीवर चढलेले, एका हातात मोबाईल आणि एका हातात छत्री. अशा साठेक खिडक्या, आणि मधोमध काळ्या कोटातले, गुलाबी कानांचे माझे सर. गंभीर चेहरा करून बसलेले. कुणाची काही म्हणायची छाती होईना.

वक्ते होते पुण्याचे एक निवृत्त जिल्हा न्यायाधीश. त्यांची खिडकी उघडली आणि व्हायचं तेच झालं. आयुष्यभराची सवय! न्यायाधीश आले म्हटल्याबरोबर साठच्या साठ वकील उभे राहिले. माझ्यासकट. स्क्रीनवर एकही तोंड उरलं नाही. नुसती पोटं. कोटाची बटणं, शर्टाचे डाग, एका ठिकाणी लुंगीची गाठ.

"अहो, माणसं कुठं गेली?" न्यायाधीश गोंधळून म्हणाले. "बसा, बसा!"

बसल्यावर मी स्वतःलाच म्यूट केलं आणि पदर तोंडात कोंबून हसले. विषय डिजिटल पुराव्याचा होता. न्यायाधीशांचा आवाज मऊ, खालच्या पट्टीतला, कोर्टात सरांनी हात टेकले असते असा. मी सरांच्या खिडकीवर नजर ठेवून होते. ते पुढे वाकले. मग आणखी पुढे. मग त्यांनी कुठलं बटण दाबलं देव जाणे, माईक सुरू झाला आणि दोन्ही जिल्ह्यांच्या कानठळ्या बसल्या.

"अवो, इकडे या! मले ऐकू येऊन राह्यलं! सारं ऐकू येऊन राह्यलं! त्यायचा पंखा फिरून राह्यला, थो बी ऐकू येऊन राह्यला!"

हाक स्वयंपाकघरात काकूंना होती. काकू पिठाचे हात घेऊन धावत आल्या, समोर साठ वकील पाहिले आणि पदर ओढून नाहीशा झाल्या.

माझं बोट म्यूटवर होतं. नियमानं मी एका सेकंदात ते दाबायला हवं होतं. सरांनी दोन वर्षं जे लपवलं, ते आता सगळ्यांपुढे त्यांच्याच तोंडून निघालं होतं. पण त्या आवाजात एवढा आनंद होता की बोट हलेना. मी आयुष्यात त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

मग सरांच्या लक्षात आलं. सगळे चेहरे आपल्याकडे बघताहेत, आणि आपण काय बोलून बसलो. त्यांचा चेहरा पडला, त्या दिवशी कोर्टात पडला होता तसाच. हात हेडफोनकडे गेला. आता काढला तर तो कायमचा, हे मला कळत होतं.

"वकीलसाहेब, काढू नका," न्यायाधीश म्हणाले. "ऐकू येतंय ना? मग काही विचारायचं असेल तर विचारा."

सरांनी हात खाली घेतला. मग उभे राहिले, कारण न्यायाधीशांशी बसून बोलणं त्यांच्या रक्तात नाही. गुलाबी कान स्क्रीनबाहेर गेले आणि पोट बोलू लागलं.

"साहेब, आमच्याकडचा मामला आहे. तलावाच्या मासेमारीचं भांडण. एकानं धमकी दिली, दुसऱ्यानं ते मोबाईलवर रेकॉर्ड करून गावच्या ग्रुपवर टाकलं, आणि झटापटीत मोबाईल गेला तलावात. क्लिप साऱ्या गावाजवळ आहे. मूळ मोबाईल माशायच्या ताब्यात. क्लिप पुरावा म्हणून द्याची तं मोबाईलचं सर्टिफिकेट लागते. आता थे कोन देनार?"

न्यायाधीश खुर्चीत मागे रेलून खो खो हसले. असा प्रश्न पुण्यात कोणी विचारला नाही म्हणाले. "तुम्हीच सांगा, तुम्ही काय युक्तिवाद कराल?"

झालं! सर सुटले. एक मिनिट झालं, मी पेला वाजवला. दोन झाली, परत वाजवला. तिसऱ्यांदा वाजवला तेव्हा पोटातून आवाज आला, "मॉडरेटरबाई, घंटी ऐकू आली. बसा."

साठ जण एकदम हसले. सरही हसले. त्या हसण्यात न्यायाधीशांनी अगदी हळू एक उलटा प्रश्न टाकला. ज्याला ग्रुपवर क्लिप मिळाली, त्यानं आपल्या मोबाईलपुरतं सर्टिफिकेट दिलं तर? माझा हात सवयीनं कोट ओढायला उठला. समोर कोट नव्हताच. आणि सरांनी उत्तर दिलं. त्याच प्रश्नाचं, नेमकं, मुद्द्याला धरून. कॅमेरा चालू आहे हे विसरून मी ढसाढसा रडले. अहेरीच्या वकिलांनी घाबरून छत्रीआडून विचारलं, "बाई, काई झालं का जी?"

रविवारी मी ठरल्याप्रमाणे कपाट न्यायला गेले. मुद्दामच गेले. सर अंगणात पेपर वाचत होते.

"कशाले आली?"

"कपाट न्यायला," मी मोठ्यानं म्हटलं.

"कोन्तं कपाट?" सर पेपरमधून मान वर न काढता म्हणाले. "काई नाई भेटत. उद्या सकाळच्या बसनं चंद्रपूरले चाल माह्यासंगं. यंत्र पाहू. मांजरीचे कान लावून कोर्टात गेलो तं थो साहेब मलेच आत टाकन." आतून काकूंचं हसणं ऐकू आलं. मला आलं आणि सरांनाही आलं असावं, कारण कानांवर हेडफोन नसतानाही ते आत बघून गालात हसले.

तलावाच्या भांडणाची पेशी पुढच्या पंधरवड्यात होती. सर उभे, मी मागे. कानामागे शेंगदाण्याएवढं यंत्र. न्यायाधीशांनी प्रश्न विचारला, सरांनी ऐकला, उत्तर दिलं. मागचा बाक चिडीचूप. मला आनंदानं उभं राहवत नव्हतं. या पायावरून त्या पायावर चाललं होतं, आणि फाईल कलली.

"फाईल सरळ धर," सर म्हणाले.

माझं तोंड आपोआप चाललं. "तुमचीच मान वाकडी हाये."

सर वळले नाहीत. न्यायाधीशांकडे बघतच, हळू आवाजात म्हणाले, "मान माही सरळच हाये. दोन वर्षं हेच पुटपुटून राह्यली होती का तू?"

मी फाईल सरळ धरली.