देवाची उजवी बाजू

निवडणुकीच्या बातम्यांत ‘जनतेचा कौल’ ऐकला की बाबा हसायचे. त्यांच्या लेखी कौल द्यायचा तो गावच्या देवाने. गुरव देवाच्या पाषाणाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मुंबईत चारकोपची आमची खोलीसुद्धा उजवा कौल मिळाल्यावरच घेतलेली. मी या सगळ्याची थट्टा करायचे.

बाबांच्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख मिळाली आणि ते अडून बसले. कौल लावल्याशिवाय जाणार नाही. गावी जायचं त्राण नव्हतं, म्हणून गुरवाने व्हिडिओ कॉलवर कौल लावायचं कबूल केलं. बाबांना फोनवर नीट दिसत नसे, तो मी धरला होता. पाकळी पडली, गुरव काही बोलणार तेवढ्यात रेंज गेली.

“खंयची पडली?” बाबांनी विचारलं.

“डावी,” मी म्हणाले.

त्यांनी तिथल्या तिथे हॉस्पिटलला फोन करून नकार कळवला. मला राग यायला हवा होता, पण सुटल्यासारखं वाटलं. मीही घाबरलेच होते. त्या दिवशी बाबा पोटभर जेवले.

सकाळी गुरवाचा मेसेज होता: “देवान उजवो दिल्यान. बिनधास्त करा.” आधी काही कळेना. मग उमगलं, उजवं-डावं देवाचं धरायचं. तो आपल्याकडे तोंड करून बसलेला, त्याचं उजवं ते आपल्या डाव्या हाताला. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. मी सुट्टीत चार दिवस जाणारी.

सांगायला बाहेर आले, तर बाबा गुणगुणत तुळशीला पाणी घालत होते. म्हटलं, नवी तारीख घेऊनच सांगू. गुरवाला नुसतं ‘हो’ कळवलं. आठ दिवस मी आज-उद्या करत राहिले. नवव्या दिवशी बाबा दुपारच्या झोपेतून उठलेच नाहीत.

तेराव्याला आत्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, “देवान डावो दिल्यान, म्हणान माझो भाव आपल्या घरात गेलो. नायतर त्या ऑपरेशनच्या टेबलावर गेलो असतो.” सगळ्यांनी हात जोडले. आईने माझ्या पाठीवरून हात फिरवला.

“तू नीट बघितलंस म्हणून गं,” ती म्हणाली.

मीही हात जोडले.