टपावरचं ठिगळ

मिस्त्री चिडले की आधी चष्मा काढून खिशात ठेवतात. एकदा चिडून हातवारे करताना तो ग्रीसच्या डब्यात पडला होता, तेव्हापासूनची सवय. शेजारच्या गॅलरीत बिनचष्म्याचे मिस्त्री दिसले की मी ओळखते, कुणीतरी पुन्हा साध्या गाडीवर दिवा चढवून ‘जुनी पोलीस गाडी’ म्हणून विकायला काढली आहे.

पोलिसांच्या मोटार कारखान्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली. आता हौशी लोक तसल्या जुन्या गाड्या नीट करून घेतात, आणि गाडी खरी की सोंग, मोल किती, हे ठरवायला मिस्त्रींना बोलावतात. अहवाल मात्र माझ्या अक्षरात असतो, कारण त्यांचं अक्षर दुसऱ्या दिवशी त्यांनाच लागत नाही.

गाडी ते डोळ्यांपेक्षा हातांनीच जास्त बघतात. डॅशबोर्डखाली हात घालून चार भोकं चाचपतात, तिथे बिनतारी यंत्र बसवलेलं असायचं. मग मागची दारं. ती आतून उघडता येता कामा नयेत, कारण मागे बसणाऱ्याने आपण होऊन उतरायचं नसतं. शेवटी टप. गाडी लिलावात काढण्याआधी कारखान्यात टपावरचा दिवा उतरवायचे आणि त्या भोकावर पत्र्याची गोल चकती झाळून बसवायचे, आतल्या बाजूने तिच्यावर आकडा ठोकायचे. हे काम मिस्त्रींचंच. कारखान्याचं दप्तर कधीच रद्दीत गेलं, पण त्यांच्याकडे पाढे छापलेली एक शाळकरी वही आहे. तिच्यात प्रत्येक चकतीचा आकडा आणि त्यापुढे गाडीच्या सांगाड्याचा क्रमांक. म्हणून खरी गाडी ओळखायची ती टपावरच्या ठिगळावरून. दिवा हवाच असेल तर शेजारी चुंबकाने चिकटवा, असं ते सगळ्यांना सांगून थकले.

सगळ्यांना सांगितलं, जावयाला सांगितलं नाही.

जावयाचं गॅरेज आहे. दोन वर्षं बाकीची कामं परत पाठवून त्याने एकच गाडी हाती घेतली होती. एक संग्रहालय ती घ्यायला तयार होतं, पण मिस्त्रींची सही असेल तरच. आणि मिस्त्रींनी त्या दोन वर्षांत गॅरेजमध्ये पाऊल टाकलं नव्हतं. ‘ज्याने पेपर तपासायचा त्याने आधी उत्तरं सांगू नयेत, काय बाई?’ असं मलाच ऐकवायचे. मी मान डोलवायचे. आता वाटतं, डोलवायला नको होती.

तपासणीच्या दिवशी लेक सकाळीच न्यायला आली. “बाबा, आज नीट वागा. आमचं सगळं त्या गाडीवर आहे.”

“मी नेहमीच नीट वागतो.”

“चष्मा डोळ्यावर राहू दे, एवढंच म्हणतेय.”

गॅरेजमध्ये जावयाने चादर ओढली. गाडी अशी चकाकत होती की मला तिच्यात माझी पर्स दिसली. मिस्त्री खाली बसले, डॅशबोर्डखाली हात घातला आणि त्यांचा चेहरा निवळला. चारही भोकं होती. एक जरा तिरपं. “हे घाईत पाडलेलं,” ते मऊ आवाजात म्हणाले, “लिहा बाई.” मागची दारं आतून उघडेनात. सांगाड्याचा क्रमांक त्यांनी वहीत शोधला, सापडला. समोर चकतीचा आकडा, चारशे अठरा. लेकीने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले, जिंकल्यासारखे.

आतलं अस्तर अजून लावायचं होतं. मिस्त्रींनी आत डोकं घालून टॉर्च वर मारला. बराच वेळ मारला. मग टॉर्च विझला आणि चष्मा खिशात गेला.

“ठिगळ कुठंय?”

“काढलं ना!” जावयाच्या आवाजात कौतुकाची वाट बघणं होतं. “फार घाण दिसत होतं, बाबा. कितीही पुट्टी भरा, उठून दिसायचं. शेवटी अख्खा टपच कापला. एका घरगुती गाडीचा टप मिळाला, जरासुद्धा गंज नाही. दिव्यासाठी पाडलेलं भोक बघा, बरोब्बर मधोमध.”

“जावईबापू,” मिस्त्री म्हणाले. एरवी ते त्याला नुसतं ‘अरे’ म्हणतात. “गाडीची जन्मखूण खरवडलीत आणि वर मला तीट दाखवताय? मधोमध आडवी पट्टी असते, तिथे आम्ही आयुष्यात भोक पाडलं नाही! डावीकडे, चार बोटं डावीकडे! या टपाने चोर बघितला नाही, पोलीस बघितला नाही. याने बघितली असतील सहकुटुंब सहली!”

“पण बाबा, बाकी सगळं खरं आहे. तुम्हीच म्हणालात.”

“मला माहीत आहे खरी आहे. माझ्या सांगण्यावर घ्यायची तर वही काय जाळायला ठेवली?”

“सही करा ना मग,” लेक म्हणाली. “चारशे अठरा आहे, तुम्हाला माहितीये, बास झालं.”

“उद्या कुणीही येईल, म्हणेल टप बदललाय पण गाडी खरी. त्याला काय सांगू? तू माझा जावई नाहीस, म्हणून सही नाही?”

लेकीचाही आवाज चढला. ती त्यांचीच मुलगी. “दोन वर्षांत एकदा डोकावला असतात तर? एकदा! ठिगळ ठेव, एवढे दोन शब्द. जगाला फुकट सल्ला देता. घरच्या माणसापुढे मात्र परीक्षक!”

  जावयाकडे न बघता मिस्त्रींनी विचारलं, “जुना टप?”

 जावयाने गॅरेजच्या मागच्या दाराकडे बोट केलं.

मागे टप उलटा ठेवला होता आणि त्यात रॉकेल ओतून नटबोल्ट धुवायला टाकले होते. मिस्त्रींनी बाही न सरकवताच आत हात घातला. चकतीवरचा मळ नखाने खरवडला. चार, एक, आठ.

“सुटलो!” जावई म्हणाला. “टप गाडीशेजारी ठेवून देतो. करा सही.”

“तुझी मान कापून शेजारी ठेवली तर तुला जिवंत म्हणायचं का?” आणि ओल्या हातानेच मला खूण केली. “लिहा बाई. गाडी खरी. टप परका. खरा टप गॅरेजमागे रॉकेलात सापडला. तो गाडीवर परत बसेपर्यंत मोल ठरवता येत नाही.”

त्यांनी खाली सही केली. कागदाला रॉकेलाचा डाग पडला, तो अजून आहे. जावई आत निघून गेला आणि काहीतरी लोखंडी जोरात आपटल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री सकाळी आठला गॅरेजमध्ये हजर. टप परत जोडायचा म्हणजे तो पेलणाऱ्या सहाही खांबांवर सांधे येणार, ते घासायला दोन माणसं लागतात. एका बाजूला सासरा, दुसऱ्या बाजूला जावई, मध्ये गाडी. तीन आठवडे बोलणं नाही. “त्यांना सांग, कानस हवी.” “बाबांना सांग, त्यांच्याच खिशात आहे.” लेक दोघांवर ओरडायची, “मी काय वायर आहे का तुमची?”

मग संग्रहालयाचे गृहस्थ आले. त्यांनी टप बसल्यावरचा, मिस्त्रींच्या सहीचा नवा अहवाल वाचला, वही बघितली, सांध्यांवरून बोट फिरवलं, किंमत पाव हिश्शाने खाली आणली. जावयाने मान खाली घालून होकार दिला. निघताना गृहस्थ टपाकडे बघून म्हणाले, “हे ठिगळ आम्ही भरून घेऊ. लोकांना बघायला छान वाटलं पाहिजे.”

मिस्त्रींचा हात चष्म्याकडे गेला.

“थांबा, बाबा,” जावई म्हणाला. तीन आठवड्यांनी पहिला शब्द. “या वेळी मी चिडतो.”

तो काय काय बोलला ते अहवालात घालण्याजोगं नव्हतं. पण ठिगळाला हात लागणार नाही, हे त्या गृहस्थांकडून मी त्याच दुपारी लेखी घेतलं. किंमत काही वर सरकली नाही.

घरी येताना मिस्त्री रस्ताभर धुसफुसत होते. “पाव हिस्सा कापला! सांध्यांपायी! असले सांधे करून दाखवा म्हणावं कुणी.” चष्मा डोळ्यावर होता.